डेंगळ्यांसाठी लावलेला कांदा

नेपरविलच्या आमच्या घराला ड्राइव्हवेच्या कडेने एक अरुंद पट्टा आहे. पश्चिमेचं ऊन तिथे दुपारपासून मावळतीपर्यंत तळपतं, खाली घट्ट चिकणमाती आहे आणि हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा सगळा बर्फ ढकलून तिथेच साचतो. भरीला ससे. शिकागोच्या उपनगरात राहणाऱ्या कुणालाही सशांचं विचारून बघा, पुढची दहा मिनिटं तुमची नाहीत. ट्युलिपच्या कळ्या नेमक्या उमलायच्या आदल्या दिवशी खुडायच्या, यात त्यांचा हातखंडा. अ‍ॅस्टरचे कोवळे शेंडे, पॅन्सी, घेवड्याची रोपं, सगळं फस्त. पलीकडच्या घरातल्या निवृत्त शेजारीणबाई एकदा कुंपणापाशी म्हणाल्या, "कांद्याच्या कुळातलं काहीतरी लाव. ससेही तोंड लावत नाहीत आणि हरणंही."

कांदा म्हटल्यावर माझं डोकं आधी स्वयंपाकघराकडे धावलं. इकडच्या नर्सरीत शोभेचे कांदे, म्हणजे अ‍ॅलियम, भरपूर मिळतात. गुडघ्याच्या वर उंच दांडा आणि त्यावर मोठा जांभळा चेंडू. झोकदार दिसतात, पण ते निव्वळ बघायचे. मला दिसायला बरं, चार पानं खुडून जेवणात घालता येतील असं आणि जमलं तर इथल्याच मातीतलं काहीतरी हवं होतं.

चाइव्ह्ज, म्हणजे बारीक पातीचा छोटा कांदा, इथे घरोघरी असतो, त्यामुळे त्यात काही मजा वाटेना. चायनीज गार्लिक चाइव्ह्ज चवीला फार छान, पण त्यांचं बी एकदा पडू दिलं की पुढच्या वर्षी फरशीच्या फटीतूनही तेच उगवतं. एका मैत्रिणीच्या अंगणात मी हे पाहिलंय, ती अजून उपटतेय. मग रॅम्प्स. हा इथल्या जंगलातला रुंद पानांचा रानलसूण. त्याला मोठ्या झाडांची सावली आणि पालापाचोळ्याची भुसभुशीत जमीन लागते, बियापासून काढण्याजोगा व्हायला पाच-सात वर्षं जातात आणि हॉटेलवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतल्यापासून जंगलातून तो पोत्याने उपसला जातोय. कॅनडातल्या क्वेबेकने तर १९९५ मध्येच त्याच्या विक्रीवर बंदी घातली. माझ्या तापलेल्या पट्ट्यात तो आठवडाभरही टिकला नसता. शोभेच्या कांद्यांत 'मिलेनियम' नावाचा एक संकर आहे, २०१८ साली त्याला वर्षातलं सर्वोत्तम बहुवर्षायू झाड म्हणून मान मिळाला. शिकागोच्या मिलेनियम पार्कमधल्या लुरी गार्डनमध्ये 'समर ब्यूटी' या दुसऱ्या जातीच्या शोभेच्या कांद्याचे ताटवे जुलैत फुलतात तेव्हा माणसं फोन काढून उभी राहतात. ही बाग २००४ मध्ये खुली झाली, तिथली झाडं पीट ऊडॉल्फ यांनी निवडलेली. देखणेपणात या जातीला तोड नाही, पण ती बी जवळजवळ धरतच नाही. मला बियापासून वाढवायची हौस.

शेवटी ठरला नॉडिंग अनियन. शास्त्रीय नाव अ‍ॅलियम सर्नुअम. उत्तर अमेरिकेचा स्वतःचा रानकांदा, कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत ठिकठिकाणी आपसूक उगवणारा. पान अरुंद, चपटं, भरीव. आपल्या कांद्याच्या पातीसारखं पोकळ नळकांडं नाही. वीतभर ते दीड वीत उंचीची झुपकेदार पानं, त्यातून फूट-दीड फुटाचा दांडा येतो आणि तो दांडा टोकाशी वाकून फुलांचा गुच्छ खाली सोडतो. इलिनॉयमध्ये एके काळी २ कोटी २० लाख एकरांवर प्रेअरी होती, म्हणजे उंच गवताचे माळ. त्यातली नांगर न लागलेली, चांगल्या स्थितीतली प्रेअरी आता अडीच हजार एकरांच्या आसपास उरली आहे. बाकी सगळीकडे मका, सोयाबीन आणि आमच्यासारख्यांची घरं. नॉडिंग अनियन या माळांवरचा.

इथे शिकागोच्या नावाचा विषय निघतोच. आंरी झुतेल नावाच्या फ्रेंच माणसाने १६८७ साली लिहून ठेवलं की या जागेला हे नाव इथल्या जंगलात माजलेल्या रानलसणावरून पडलं. तो नेमका कुठला, यावर इथल्या मंडळींत वाद आहे. बरीच वर्षं तो मान नॉडिंग अनियनला मिळत होता. १९९१ मध्ये जॉन स्वेन्सन यांनी जुने कागद तपासून रॅम्प्सच्या पारड्यात माप टाकलं. मला तेच पटतं, कारण झुतेल जंगल म्हणतोय आणि माझा कांदा उघड्यावर उन्हात रमणारा. पण नॉडिंग अनियन विकणाऱ्यांच्या पाट्यांवर अजूनही 'शिकागोला नाव देणारा कांदा' असं असतं. विकणाऱ्यांना कोण अडवणार.

बियांच्या पाकिटावर लिहिलं होतं: ६० दिवस ओली थंडी. हे बी नुसतं पेरलं तर बहुतेक झोपूनच राहतं. हिवाळा होऊन गेला याची त्याला खात्री पटावी लागते. काहीजण ओल्या वाळूत बी मिसळून झिपलॉकच्या पिशवीत दोन महिने फ्रिजमध्ये ठेवतात. आमच्या फ्रिजमध्ये आधीच इडलीचं पीठ, विरजण, तीन प्रकारची लोणची आणि नवऱ्याचे सॉस. जागाच नव्हती. शिवाय बाहेर फुकटात उणे वीस असताना फ्रिज कशाला? म्हणून मी इथे बरेच जण वापरतात ती दुधाच्या गॅलनची, म्हणजे मुठीच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या कॅनची, पद्धत धरली.

दुधाचा रिकामा गॅलन कमरेतून आडवा कापायचा, मुठीच्या बाजूला थोडा जोड ठेवून, म्हणजे वरचा भाग झाकणासारखा उघडतो. तळाला तापवलेल्या सळीने भोकं. आत चार बोटं कुंडीची तयार माती, ती आधी नीट भिजवलेली. वर बी विखरायचं आणि ते जेमतेम दिसेनासं होईल इतकीच माती भुरभुरायची. कडेने चिकटपट्टी लावायची, पण गॅलनचं बूच मात्र काढून टाकायचं. त्या तोंडातून बर्फ आणि पाऊस आत जातो, पाणी घालावं लागत नाही. मार्करने वर लिहिलेलं नाव उन्हाने उडतं, म्हणून मी तळाला लिहिते. डिसेंबरच्या अखेरीस हे गॅलन डेकवर ओळीने मांडले. जानेवारीत ते बर्फात गडप झाले. आमच्याकडे आलेल्या एका काकूंनी काचेतून बघून विचारलं, "दूध बाहेर का ठेवलंय गं? फ्रिज बिघडलाय का?"

एप्रिलच्या मध्याला वरचं झाकण उचललं तेव्हा मातीवर हिरवे टाके घातलेले दिसले. खरंच टाके: बारीक हिरवा धागा मातीतून वर आलेला आणि वाकून पुन्हा मातीत गेलेला. कांद्याच्या कुळातलं रोप असंच उगवतं. आधी गुडघा वर काढतं, शेंडा खालीच असतो. दोन-चार दिवसांत एक टोक सुटतं, ताठ होतं आणि त्या टोकाला बियाचं काळं टरफल अजून चिकटलेलं असतं. बोटाने झटकलं तर पडतं, पण झटकू नये. ते आपलं आपण गळतं.

त्यानंतर बराच काळ बघण्यासारखं काही नसतं. एक हिरवी काडी, मग दुसरी. गवत की कांदा हे डोळ्यांना कळत नाही, नाकाला कळतं. काडीचा शेंडा चिमटीत चुरडून वास घ्यायचा. जूनमध्ये पाच-सात रोपांचे पुंजके करून ते छोट्या कुंड्यांत हलवले. एकेक रोप सुटं करायच्या भानगडीत पडले नाही, त्यांना गर्दी आवडते. सप्टेंबरच्या सुरुवातीला, उन्हाचा तडाखा कमी झाल्यावर, हे पुंजके वीत-वीत अंतरावर पट्ट्यात लावले. चिकणमातीत मी फारसं काही मिसळलं नाही. वरून पानांचं थोडं कुजलेलं खत दिलं, बस्स. या झाडाला खाऊपिऊ घालून लाडावलं की पानं लोळतात. पहिल्या हिवाळ्यात एक काम मात्र नेमाने करावं लागलं. चिकणमाती गोठते, फुगते, वितळते, आणि या खेळात कोवळी रोपं मुळासकट वर ढकलली जातात. मार्चमध्ये बुटाने हलकेच दाबून त्यांना पुन्हा बसवायचं. मेपलची पानं वर अंथरली तर हे कमी होतं.

थंडीचं म्हणाल तर या कांद्याला तिचं काही वाटत नाही. मार्च सरता सरता, बाकी अंगण मातकट असताना, याची पानं वर. पण तोच काळ सावध राहायचा. आमच्या भागात स्टार ऑफ बेथलेहेम नावाचं एक परकं कंदाचं झाड लॉनमध्ये घुसलेलं आहे, त्याचीही अशीच अरुंद पानं नेमकी त्याच सुमाराला येतात. ते विषारी. त्याच्या पानाच्या मधोमध पांढरी रेघ असते आणि त्याला कांद्याचा वास अजिबात नसतो. वासाच्या परीक्षेत एक मेख आहे: पहिलं पान चुरडलं की बोटांनाच कांद्याचा वास लागतो आणि मग हातात घेतलेलं प्रत्येक पान कांदाच वाटतं. त्यामुळे हात धुऊन पुढचं पान. आणि मुलांना नियम: ज्या झुपक्याला मागच्या उन्हाळ्यात वाकलेली फुलं आलेली आपण स्वतः पाहिली, त्याचंच पान तोंडात घालायचं. कुत्रा-मांजर असलेल्या घरांनी हेही लक्षात ठेवावं की कांद्याचं सगळं कूळच त्यांना बाधतं, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शेजारचा लॅब्रेडॉर या पट्ट्याशी रेंगाळला की मी त्याला हाकलते.

आईला फोनवर सांगितलं की मी रानकांदा लावलाय आणि खाणार आहे, तर ती हादरलीच. तिचंही बरोबर. आपल्याकडे सह्याद्रीच्या उतारावर रानकांदा किंवा कोळकांदा म्हणतात तो भलताच, कांद्याच्या कुळातला नव्हेच. त्याचा हृदयावर परिणाम होतो, वैद्याच्या सल्ल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. मी फोटो पाठवले, वास कसा येतो ते सांगितलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. तरी "आधी तू खा, आठ दिवसांनी मुलांना दे" हा सल्ला मिळालाच.

फुलांचा पहिला खरा बहर आला त्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या. त्या निफाड तालुक्यातल्या. कांद्याचं रोप टाकणं, लागण, खुरपणी, काढणी, चाळीत भरणं, लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर उभा राहिल्यावर भावाची वाट बघणं, सगळं करून झालेल्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर गेल्या आणि तिथूनच हाक मारली.

"अगं, ह्याच्या तर माना पडल्या. काढून घे आता."

शेतात कांदा तयार झाला की पातीची मान पडते, निम्म्याअधिक माना पडल्या की काढणी. त्यांच्या दृष्टीने माझं पीक तयार होतं आणि मी अमेरिकेत बसून ते वाया घालवत होते. मी म्हटलं, "आई, ही पात नाही पडलेली, हा दांडा वाकलाय. फूल येतंय." त्या खाली बसल्या, दांडा बोटात धरून बघितला. कळीवर अजून कागदासारखं पातळ आवरण होतं, आतला गुलाबी रंग त्यातून दिसत होता.

"म्हणजे डेंगळा की! मोडून टाक मग. कांदा पोसायचा नाही."

डेंगळा म्हणजे कांद्याला येणारा फुलाचा दांडा, आणि कांदा पिकवणाऱ्याच्या लेखी ते नुकसान. लागवडीनंतर थंडी जास्त झाली की रोपाला वाटतं आता बी धरावं, आणि गाठीतला जोर दांड्यात जातो. असा कांदा मधोमध कडक निघतो, चाळीत टिकत नाही, बाजारात वेगळा काढतात. बी धरायचं असेल तरच कांदे मुद्दाम लावून त्यांना डेंगळे येऊ द्यायचे. त्या बियाला त्या उळे म्हणतात. माझ्या पट्ट्यात सगळे डेंगळेच, आणि मी त्यांना काठीचा आधार देऊ का विचारतेय. खाली कांदा किती पोसलाय म्हणून त्यांनी एक झुपका कडेने उकरून पाहिला. करंगळीएवढा पांढरट-गुलाबी कंद, तोही लांबट, एकाला एक चिकटलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माती परत लोटली आणि आत गेल्या. नंतर त्या माझ्या नवऱ्याला हळूच म्हणताना मी ऐकलं, "हिला लाल कांद्याचं रोप आणून दे."

आठ दिवसांनी गुच्छ उघडले तेव्हा मात्र त्या रोज सकाळी तिथे खुर्ची टाकून बसायला लागल्या. एका गुच्छात तीसेक फुलं, प्रत्येक फूल लहानशी गुलाबी घंटा, तोंड जमिनीकडे, आणि घंटेच्या बाहेर लांबलेले केसर. भुंगे आणि इथल्या बारीक देशी मधमाश्या त्यावर उलट्या लटकून काम करतात. मोठा भुंगा बसला की सगळा दांडा आणखी वाकतो आणि तो उडाला की हिंदकळतो. एक फूल मिटलं की त्याचा देठ हळूहळू वर वळतो. म्हणजे एकाच गुच्छात ताजी फुलं खाली बघतात आणि बोंडं धरलेली वर. हे मला कुठल्याही वर्णनात वाचून कळलं नव्हतं. सासूबाईंनी दाखवलं. "ज्याला बी धरलं ते मान वर करतंय बघ."

आता खाण्याचं. सगळ्यात आधी हे सांगते की हा कांद्याच्या पातीला पर्याय नाही. पातीची पीठ पेरून भाजी करायची तर माझा अख्खा पट्टा भादरावा लागेल आणि तरी दोन माणसांपुरतीच होईल. एका झुपक्यातून एका वेळी बाहेरची दोन-तीन पानंच कापायची, बुडाशी नाही, बोटभर वर. एप्रिल-मे महिन्यांतली पानं सगळ्यात चांगली: कोवळी, रसाळ, चव पातीपेक्षा थोडी तिखट आणि शेवटी लसणाकडे झुकणारी. दांडा वर यायला लागला की पानं चिवट होतात. फार शिजवली तर चव उडून जाते, म्हणून पिठलं उतरवल्यावर वरून घालायची आणि झाकण ठेवायचं. थालीपिठाच्या भाजणीत बारीक चिरून उत्तम. मला सगळ्यात आवडतात ती साध्या वरणावर, तुपाच्या धारेबरोबर. कंदही खातात. पॅसिफिक किनाऱ्याकडचे मूळ रहिवासी खड्ड्यात तापलेल्या दगडांवर ते वाफवत, तसे ते बरेच गोड होतात म्हणे. पण करंगळीएवढ्या कंदासाठी तीन वर्षांचं झाड उपटायला माझा हात धजत नाही.

फूल ही वेगळीच चीज आहे. एक घंटा तोडून तोंडात टाकली की आधी काहीच नाही, मग बुडाशी साठलेल्या मधाचा एवढासा गोडवा, आणि त्याच्या पाठोपाठ कांद्याचा झणका, पानापेक्षा कडक. काकडीच्या कोशिंबिरीवर विखरून दिली तर पाहुणे आधी बाजूला सारतात, मग मागून घेतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये मूठभर फुलं बुडवून ठेवली की व्हिनेगर गुलाबी होतं आणि सॅलडला कामी येतं. नुकतीच उमललेली फुलंच घ्यायची. बोंड धरायला लागलेलं फूल दाताखाली करकरतं.

एका संध्याकाळी पाऊस लागला होता आणि सासूबाईंनी कढई तापवायला सांगितली. त्यांनी बाहेर जाऊन गुच्छ दांड्यासकट आणले, बेसनात ओवा, तिखट, हळद, मीठ घालून पीठ जरा सैल भिजवलं, दांडा धरून गुच्छ त्यात बुडवला, झटकला आणि तसाच दांड्याला धरून तेलात सोडला. फुलं फुलारून पसरली. बाहेरून कुरकुरीत जाळी, आत कांद्याचा वास, दांडा धरून खायची आणि दांडा ताटात टाकायचा. मुलांनी पट्टा रिकामा करायचं ठरवलं होतं, मी तो वाचवला.

तिथेच मला या झाडाचा खरा हिशेब कळला. नर्सरीच्या चिठ्ठीवर 'शोभेचं आणि खाण्याचं' असं एका ओळीत छापलेलं असतं, पण एकाच झुपक्यातून दोन्ही मिळत नाही. वसंतात ज्याची पानं सारखी कापली, त्याला जुलैत दांडे मोजकेच येतात आणि तेही खुजे. ज्याचे गुच्छ भज्यांना गेले, त्यावर भुंगे कुठले आणि बी कुठलं? म्हणून आता पट्ट्याचे दोन भाग केलेत. घराच्या बाजूची ओळ स्वयंपाकाची, तिला कात्री लागते. रस्त्याकडची ओळ बघण्याची, तिला मी हात लावत नाही. त्या ओळीत मध्ये मध्ये बटरफ्लाय वीड आहे, नारिंगी फुलांचं, आणि मागे प्रेअरी ड्रॉपसीड नावाचं गवत, ज्याच्या तुऱ्यांना ऑगस्टमध्ये चक्क धण्यांसारखा वास येतो. गुलाबी आणि नारिंगी शेजारी कसं दिसेल अशी मला धास्ती होती, पण पैठणीच्या काठात चालतं ते अंगणात का चालू नये?

रस्त्याकडच्या या ओळीवरूनच एचओएचं, म्हणजे आमच्या वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं, पत्र आलं. 'न कापलेलं गवत' असा शेरा, सोबत फोटो, आणि ठरावीक मुदतीत कापा नाहीतर दंड. फोटो मे महिन्यातला, म्हणजे नुसत्या पानांचा. लांबून ते गवतच दिसतं, हे मान्य. मी उत्तरात झाडाचं नाव, फुलांचे मागच्या वर्षीचे फोटो आणि कायद्याचा हवाला जोडला. इलिनॉयने २०२४ मध्ये केलेल्या कायद्यानुसार घरमालकांच्या संघटनेला देशी झाडं लावायला सरसकट मनाई करता येत नाही. जागा मात्र नीटनेटकी राखलेली हवी. त्यातलं 'नीटनेटकी' दाखवण्यासाठी मी पट्ट्याला विटांची एक कड घातली आणि झाडाच्या नावाची छोटी पाटी लावली. त्यानंतर पत्र आलं नाही. विटांनी काम केलं की कायद्याने, कोण जाणे. पण कुणी असा पट्टा करणार असेल तर कड आधीच घाला. लोकांना कड दिसली की आतलं गवत बाग वाटायला लागतं.

सप्टेंबरमध्ये बोंडं वाळून फुटतात. प्रत्येकात काळंभोर, चकचकीत, कोनदार बी. वाऱ्याने बी खाली पडतं आणि आईभोवतीच नवी रोपं उगवतात. उपद्रव म्हणावा इतकी नाही, पण रस्त्याकडच्या ओळीतले निम्मे गुच्छ मी बोंडं फुटायच्या आत कापून कागदी पिशवीत उलटे टांगते. सासूबाईंनी परत जाण्याआधी बी तळहातावर घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तर उळेच." मग साहजिकच ते निफाडला न्यायचं निघालं. त्यांचा मुद्दा बिनतोड होता: महाराष्ट्रात थंडी पडली की बातम्यांत पारा निफाडचाच सांगतात, मग याला थंडी कमी कशी पडेल? पण परदेशातून बी आणायचं तर भारतात आयात परवाना लागतो आणि रोगमुक्त असल्याचा दाखला लागतो. कांद्याच्या आगारात तर हे पाळायलाच हवं, एखादा नवा रोग तिकडे पोचला तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची पिकं जातील. हे मात्र त्यांना एका वाक्यात पटलं. बी पुडीतून परत काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.

यंदा एप्रिलमध्ये पहिल्यांदा झुपके विभागले. दर तीन-चार वर्षांनी ते करावंच लागतं, नाहीतर मधला भाग दाटून फुलं कमी होतात. खुरप्याने अख्खा गड्डा उचलायचा, माती झटकायची. कंद खाली एका आखूड खोडाला धरून असतात, ते हातानेच सुटतात, सुरी लागत नाही. प्रत्येक तुकड्यात पाच-सहा कंद ठेवायचे आणि आधी जितके खोल होते तितकेच लावायचे. एक गड्डा शेजारीणबाईंना दिला, कारण सुरुवात त्यांनी करून दिली. बाकीचे मंडळातल्या मैत्रिणींनी नेले. त्यातल्या दोघींनी भज्यांचं ऐकूनच नेले हे मला माहीत आहे. देताना मी प्रत्येकीला सांगितलंय की पहिल्या उन्हाळ्यात कात्री लावायची नाही, पान नाही आणि फूलही नाही. कितीजणींनी ऐकलं ते जुलैत त्यांच्या दारावरून गेल्यावर कळेलच.